कुंदे, त्या आठ स्क्रूंचं

कुंदे, तुझ्या सोसायटीतल्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला उभं केलं. बोलले मी. धाकटी असून माझ्यापेक्षा कशी समजूतदार, पंपांच्या कंपनीत जुळणी खात्यात जन्म काढला तरी कधी कुरकुर नाही, शेजारणींचे मिक्सर आणि इस्त्र्या कशा हसत दुरुस्त करून द्यायचीस, हे सगळं. खाली बसले तेव्हा तुझ्या समोरच्या पाटकरवहिनींनी पदर डोळ्यांना लावला होता. त्यातलं काही खोटं नव्हतं. फक्त मुख्य तेवढं मी गाळलं. मी तुझ्यावर जळायचे. आता ते हातात माइक धरून, समोर चहाचे कप फिरत असताना कसं सांगणार?

म्हणून इथे सांगते. आणि मध्ये बोलू नकोस. माझं वाक्य पुरं होऊ न देण्याची तुझी खोड जन्माची, आता तरी ऐकून घे.

जुईवरून जळायचे. तुला नोकरी होती, मला नव्हती, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण जुई माझी एकुलती मुलगी. तिच्या गोवर-कांजिण्या मी काढल्या, शाळेचे डबे मी केले, नौपाड्यातल्या त्या दोन खोल्यांत तिच्या अभ्यासासाठी मी टीव्ही बंद ठेवून भिंतीकडे बघत बसले. आणि ती धावायची तुझ्याकडे, डोंबिवलीला. आठवतं, तिच्या बाहुलीचा डोळा मिटेना झाला होता? रडून तिने घर डोक्यावर घेतलं. मी दुसऱ्या दिवशी नवी बाहुली आणली. तिने ती पाहिलीसुद्धा नाही. रविवारी तुझ्याकडे आलो, तू बाहुलीचं डोकं उघडलंस, आतली तार तिला दाखवलीस आणि तिच्याच हाताने वाकवून घेतलीस. तुम्ही दोघी जमिनीवर पाठमोऱ्या बसलेल्या, आणि मी मागे उभी, नवी बाहुली पिशवीत घेऊन. त्यानंतर मोडकं काही तिने माझ्याकडे आणलं नाही. कानातल्याची फिरकी हरवली तरी, मावशीला विचारू.

परदेशी नोकरी घ्यायचं ठरवलं तेही आधी तुला सांगितलं. मला कळलं तेव्हा तिकीट झालेलं. मी तणतणत तुझ्याकडे आले आणि तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाले, "तुला स्वतःचं नाही, म्हणून माझं ओढतेस."

तू गॅस बंद केलास. म्हणालीस, "ओढत नाही गं ताई. ती येते."

शिवी दिली असतीस तर मी उलटी दिली असती. तू पुन्हा गॅस पेटवलास, आणि आपण दोघी जेवलोसुद्धा. मी ते शब्द कधी मागे घेतले नाहीत, तू कधी काढले नाहीस. इतक्या वर्षांत एकदाही नाही. आपण त्यावर सतरंजी घालून वर बसलो, झालं.

म्युनिकहून मला तिचा रोज फोन. जेवलीस का, हो. थंडी आहे का, आहे. गुडघा कसा आहे, बरा आहे. संपलं. बँकेत चौकशी करावी तशी दोघी बोलायचो. एकदा मी तुझ्याकडे आलेले आणि तिचा तुला फोन आला. तू तो डब्याला टेकवून ठेवलास आणि मेथी निवडत बोलत राहिलीस. अख्खी जुडी निवडून झाली तरी बोलणं चालूच. काय बोलत होतात तर आटे. स्क्रूचे आटे झिजतात ते कसे ओळखायचे. आणि त्यावर ती हसत होती. तसं हसणं माझ्या फोनमधून कधी आलं नव्हतं. मी तुझ्या हातातली मेथी ओढून घेतली आणि म्हटलं, दे, देठ ठेवतेस सगळे.

मग तिला ते बर्फावरचं वेड लागलं. मला तिने व्हिडिओ पाठवला. एका अरुंद फळीवर ही उभी, पायात प्लॅस्टिकचे कडक बूट, आणि उतारावरून अशी आडवी होत जाते की हात बर्फाला लागतोय. मागे एकच बारीक रेघ, विळीवर कापल्यासारखी. बाकीचे लोक फळीवर आडवे उभे राहून बर्फ उडवत येतात, हिचे पाय जवळजवळ समोर वळलेले आणि बर्फ जागचा हलत नाही. त्यालाच म्हणे कार्व्हिंग म्हणतात. मी लिहिलं, हाडं मोडून घेशील, बंद कर. तू विचारलंस, "बूट फळीला धरून कसा राहतो गं?" झालं. त्या एका प्रश्नावर तू तिचा पुढचा हिवाळा जिंकलास.

मागच्या दिवाळीत ती आली तेव्हा तिच्या बॅगेत माझ्यासाठी स्वेटर होता आणि तुझ्यासाठी खोका. खोक्यात ती नवी बाइंडिंगं. बूट फळीवर धरून ठेवणारी पट्टी, पुढे तारेची कडी, मागे तुकडा, वर खटका. दोन पायांची दोन. तिने ती माझ्या जेवणाच्या टेबलावर मांडली, चकलीचं ताट बाजूला सारून, आणि म्हणाली, "आई, उद्या मी मावशीकडे जाते. ही नुसती लावायची नाहीयेत, नीट लावायचीयेत." फळी तिकडेच राहिलेली, बूट मात्र ओझं करून आणलेले. मी म्हटलं, मीही येते. ती म्हणाली, "तुला कंटाळा येईल गं." मी करंज्यांचा डबा भरला.

तू तयारीतच होतीस. सुताराकडून प्लायची फळी कापून घेतलेली, तिच्या फोटोवरून माप काढून भोकं पाडलेली. जुईच्या शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक तू जपून ठेवला होतास, हे मला त्या दिवशी कळलं. मी आई असून ती पेटी कुठे गेली मला माहीत नव्हतं. त्या कोनमापकाने तू फळीवर रेघा मारल्या होत्यास, पुढच्या पायाला जास्त वळण, मागच्याला थोडं कमी. जुईने दिवाणखान्यात ते कडक बूट घातले आणि फळीवर उभी राहिली. पाटकरवहिनी फराळ घेऊन दारात आल्या आणि तशाच थबकल्या.

"काय गं, चंद्रावर निघालीस?"

"नाही हो काकू, मावशी माप घेतेय."

"डोळे मीट," तू म्हणालीस. "गुडघे वाकव. आता सांग, कुठे ओढ लागते?"

"मागच्या गुडघ्याला. आतून."

"मग मागची टाच उचलायला लागेल. उतर."

टाचेखाली पाचर घालून झाली, पुन्हा उभी, पुन्हा उतर. बुटाच्या मापाने पुढचा आणि मागचा तुकडा सरकवून बसवायचा आणि मग तो एकेका बाइंडिंगाला चार स्क्रूंनी कायमचा घट्ट करायचा. दोन्ही मिळून आठ. पण त्याआधी तू सगळं सुटं केलंस. जुई कळवळली, नवं आहे मावशी, कंपनीतून आलंय. तू म्हणालीस, "मी तीस वर्षं कंपनीतून पाठवत होते. म्हणून सांगते, उघड." आतल्या कडीला ग्रीसचा पत्ता नव्हता, आणि खटक्यावर नुसतं थापून ठेवलेलं. तू जुईकडे बघितलंस, तिने तुझ्याकडे. मी करंजी खाल्ली.

ग्रीसचं काय करायचं यावर मग तुमची अक्कल चालली. इथे जे मऊ असतं ते तिकडच्या थंडीत दगड होईल. डोंबिवलीत थंडी कुठून आणायची? तू तीन चमचे काढलेस, एकावर शिलाई मशीनचं तेल, एकावर बेअरिंगचं पिवळं ग्रीस, एकावर ते पांढरं सिलिकॉनचं. आणि ठेवलेस फ्रीजरमध्ये, खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी. रात्री आम्ही तिथेच राहिलो. सकाळी पिवळं ग्रीस थिजून तुपासारखं झालेलं, चमच्यावरून खरवडावं लागलं. मशीनचं तेल पातळच होतं पण सगळं निथळून खाली गेलेलं. पांढरं होतं तसं. जुईने तुझ्या गालाचा मुका घेतला. तिशी ओलांडलेली पोरगी, एका चमच्यासाठी.

तू तिला समजावत होतीस, आणि मी आतून ऐकत होते. "जे फिरतं त्याला हे पांढरं. कडीला, खटक्याला, सरकतं त्या पट्टीला. हे आठ स्क्रू फिरायला नकोत, त्यांना निळं औषध. एक थेंब, आट्यांवर, म्हणजे ते धरून बसतात. पण आटे कोरडे पाहिजेत. तेलाचा हात लागला तर औषध धरत नाही, आणि चालता चालता स्क्रू सुटतो."

हे मी ऐकलं होतं, कुंदे. हेच सांगायला इतकं लांबण लावलं.

तुम्ही दोघी वायसर आणायला खाली गेलात. ते आठ स्क्रू स्टीलच्या वाटीत होते. शेजारी मशीनच्या तेलाची बुदली. मी स्वतःला पुढे कितीतरी दिवस सांगत राहिले की मला हातभार लावायचा होता, की जन्मभर बिजागऱ्यांना आणि कड्यांना तेच तेल घालत आले, सवयीने झालं. तसं काही नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की मावशीने लावलेलं एकदा तरी सुटू दे. एकदा तरी जुईने म्हणू दे की मावशीचं चुकलं. सुटेल तेव्हा त्यावर माझ्या मुलीचा पाय असेल, हे डोक्यात आलंच नाही. मी वाटीत तेल सोडलं आणि बोटाने आठही स्क्रू घोळवले.

तू आलीस, चप्पल काढलीस, बसलीस. एक स्क्रू उचललास आणि अंगठ्यात फिरवलास. मग नाकाशी नेलास. मग माझ्याकडे बघितलंस.

"जुई," तू म्हणालीस, "माझ्या हातून तेल सांडलं बघ मघाशी, वाटीत गेलंय. धुवायला लागतील."

"मावशी, आत्ता तूच सांगत होतीस ना? म्हातारी झालीस तू."

"झाले बाई."

आणि खरं सांगू? ती तुला म्हातारी म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. लाज नंतर वाटली, आधी बरं वाटलं.

तू स्पिरिट काढलंस, स्क्रू त्यात बुडवलेस आणि जुन्या सुती साडीचा तुकडा माझ्या मांडीवर टाकलास. "ताई, तू पूस." एवढंच. मी पुसत होते, एकेक आटा, नखाने कापड घालून. सातवा की आठवा होता तेव्हा माझे डोळे भरून आले आणि मला दिसेना. मी तो तसाच तुझ्या हातात दिला. आणि कुंदे, कंपनीतून आलेल्या नव्याकोऱ्या वस्तूवर विश्वास न ठेवणारी तू, माझ्या हातून घेतलेला एकही स्क्रू उलटून बघितला नाहीस. घ्यायचीस, निळा थेंब, आणि आत. घ्यायचीस, निळा थेंब, आत.

अगं, एक तरी बघायचा होतास.

तो अख्खा हिवाळा मी कसा काढला ते तुला माहीत नाही. शनिवारी ती डोंगरावर जायची. माझा शनिवार दुपारपासून सुरू व्हायचा आणि तिचा फोन आला की संपायचा. जेवलीस का, हो. थंडी आहे का, आहे. मी हळूच विचारायचे, ते बाइंडिंग का काय ते, ठीक आहे ना? "एकदम मस्त. मावशीचं काम आहे, आई." आणि फोन ठेवल्यावर मी देवाचे आभार मानायचे आणि त्याच तोंडाने तुझा राग करायचे. तू माझ्याशी भांडली असतीस तर मी रडून मोकळी झाले असते. तू मला माफही केलं नाहीस, कारण काही झालंच नव्हतं असं वागलीस. भाऊबीजेच्या डब्यात काय होतं, गुडघ्याला कुठलं तेल लावते, हेच सगळं. मनात म्हणायचे, चांगुलपणासुद्धा हिनेच करायचा. मला काही ठेवायचंच नाही.

मग तू आजारी पडलीस. मी रोज मऊ भात घेऊन यायचे, आणि रोज ठरवून यायचे की आज बोलायचं. खाटेवर तू इतकीशी झालेली. एकदा म्हणालीस, "ताई, जुईचं पांढरं ग्रीस संपत आलं असेल. तिला सांग, तेच घे. दुसरं नको." मी हो म्हटलं. ती वेळ होती. तू डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होतीस, मला वाटतं तूही थांबली होतीस. मी भाताचा चमचा पुढे केला.

जुई विमानाने आली ती तुझ्यापाशीच बसून राहिली. मी शेवटच्या दिवसांचं सांगत नाही, ते तुला माहीत आहे. एकच सांगते. ती तुझे केस विंचरत होती, इतके थोडे राहिलेले, तरी भांग पाडून, हलक्या हाताने. मी दारात उभी होते. माझे केस तिने कधी विंचरले नाहीत. तू मरत होतीस, आणि मी उभी राहून तुझ्या जागी असते तर काय झालं असतं याचा हिशेब करत होते. असं माणूस असतं का गं? असतं. मी आहे.

गेल्या शनिवारी तिचा व्हिडिओवर फोन आला. बर्फ पडायला लागलाय, बाइंडिंगं काढलीत, ग्रीस बदलायचंय. "आई, मावशी कुठलं म्हणाली होती?" मी सांगितलं, पांढरं, सिलिकॉनचं, दुसरं नको. ती म्हणाली बरं, आणि ठेवणार होती. मी म्हटलं, "थांब. त्या आठ स्क्रूंचं सांगायचंय."

सगळं सांगितलं. तेल सांडलं नव्हतं, मी घातलं होतं. ऐकून घातलं होतं. पुसायला मला दिले होते, आणि एक मी नीट पुसला की नाही मला माहीत नाही. का केलं, तेही सांगितलं. ‘जळायचे’, शब्द साधाच आहे, पण मुलीला तो दोनदा सांगावा लागला.

ती म्हणाली, "माझा पाय गेला असता, आई."

"हो."

"आणि मी तिला म्हातारी म्हटलं." तिचा आवाज फुटला. "तिने ऐकून घेतलं माझं. तू समोर बसून होतीस."

"हो."

मला वाटलं होतं ती मला चार शब्द सुनावेल. त्याची मी तयारी केली होती. पण ती रडली ती तुझ्यासाठी, कुंदे. मी केवढं पाप केलं हे सांगत होते आणि त्यातही तिला तूच दिसत होतीस. फोन तिने उताणा ठेवला होता, मला तिच्या घराचं छत दिसत होतं आणि ऐकू येत होतं. मी बंद केला नाही. मला तेवढं ऐकायलाच हवं होतं.

मग तिने नाक शिंकरलं, फोन उचलला आणि कशाला तरी टेकवला. बाइंडिंगं टेबलावर आली. हातात ती वाकडी किल्ली. "बघ तूही," म्हणाली, माझ्याकडे न बघता. पहिल्या स्क्रूत किल्ली घातली आणि उलटी फिरवली. जोर लावलेला तिच्या मनगटावर दिसत होता. "नाही हलत." दुसरा. "नाही." मी नौपाड्यात खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. तिसरा, चौथा. एक बाइंडिंग झालं. दुसरं तिने ओढून घेतलं. पाचवा, सहावा. सातव्याला तिने दोन्ही हात लावले. "नाही." आठव्याला ती थांबली, केस मागे केले, किल्ली घातली. किल्ली कण्हली. स्क्रू जागचा हलला नाही.

जुईने किल्ली खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. राग होता, अजून आहे, राहू दे. पण तोंडावर ते हसू आलंच, तुझ्या फोनमधलं. "मावशीने लावलेलं सुटतंय होय, आई?"

माझ्या ओठांवर आलं होतं, कुंदे. मी गिळलं. आत्ताच कुठे ती माझ्याकडे बघत होती, आणि तुझं नाव घेऊन हसत होती. तिला म्हटलं, नाही सुटत.

पण पुसले मी होते. ते तुला माहीत आहे.